अर्थ लागत नाही

आत-बाशीला, पोस्टाच्या मागे
एक गंजका कंटेनर, दाराला घोंगडी.
तेच असिलकानचं गॅरेज.
बाहेर उणे बावीस. आत उणे दहा, आणि चहा.

बेकतेन गाडी ढकलतच आणतो, दोन मेव्हण्यांना घेऊन.
उआझ, निळी, बापाची, त्र्याऐंशी सालची.
'बॅटरी नवी आहे,' तो सांगतो. 'नवीतली दुसरी.
डायनामो बदलला. बिश्केकहून आणला,
अख्ख्या मेंढीचे पैसे गेले.
तरी अंधार पडला की आधी दिवे मलूल होतात,
मग वायपर, मग हीच.'

असिलकान ऐकते की नाही, कळत नाही.
सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टरांखाली बावीस वर्षं पाठ टेकलेली बाई.
पुढे शेती वाटली गेली, ट्रॅक्टर विकले गेले,
पाने तेवढे तिच्याबरोबर घरी आले.

मीटरची काच तडकलेली, वर चिकटपट्टी.
इंजिन चालू. हेडलाइट चालू.
बॅटरीवर बारा पूर्णांक सात.
हवेत चौदा.
बेकतेनच्या चेहऱ्यावर दुसरी मेंढी उभी राहते.

ती बॉनेटमध्ये खांद्यापर्यंत शिरते,
लाल टोक डायनामोच्या खुंटीवर, काळं त्याच्याच अंगावर:
चौदा पूर्णांक तीन.
'हा बिचारा कमावतोय,' ती म्हणते.
'घरी पोचत नाहीये.'
(धाकटा मेव्हणा, येकातेरिनबुर्गला फरशा बसवणारा,
उगाच बुटांकडे बघतो.)

मग वाट तपासायची, कुठे सांडतं ते बघत.
जाड लाल वायर, या टोकापासून त्या टोकापर्यंत:
शून्य पूर्णांक दोन.
एवढं चालतं. एवढं सगळ्यांचंच सांडतं.
आता परतीची वाट,
डायनामोच्या अंगापासून बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत:
एक पूर्णांक चार.

ती हातमोजा काढते.
'मास्सा,' म्हणते. इथे सगळे तसंच म्हणतात.
आमच्याकडे वायरमन याला अर्थ म्हणतात.
अर्थ लागत नाही, म्हणतात, टेस्टर दातात धरून,
आणि त्यांना त्याहून जास्त काही म्हणायचं नसतं.

इंजिनाकडून चेसिसला जाणारी तांब्याची पट्टी,
मुलीच्या वेणीसारखी विणलेली, बोटभर रुंद.
तिच्या टोकाचा बोल्ट निळा.
बोल्टाखालची चकती निळी.
चकतीखाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायचं, तिथेही निळं.

'रंग कुणी दिला?'

'मी,' बेकतेन म्हणतो. 'बाबा गेले त्या साली.
इंजिन उतरवलं होतं. ब्रशने, तीन हात.
एक जागा सोडली नाही.
गंज चढू द्यायचा नव्हता मला.'

दोन हिवाळे ते आट्यांवरच निभावलं असणार,
बोल्टाच्या पेचात कुठेतरी
रंगातून सुटलेल्या केसभर धातूवर.
मग रस्त्यावरचं मीठ, मग तेही नाही.

असिलकान पाना लावते. बोल्ट कण्हतो, सुटतो.
पॉलिश पेपरचा तुकडा ती बेकतेनच्या हातात देते.
'खरवड. तूच.'
तो गुडघ्यावर बसून खरवडतो.
निळ्याखाली निळा, त्याखाली आणखी निळा,
मग लष्करी हिरवा, सुलतानकुलच्या हातचा,
कडेला त्याच्या ब्रशचा एक केस अजून चिकटलेला.
तिथे बेकतेनचा हात थांबतो.
'अजून,' ती म्हणते.
नाण्याएवढी जागा. पांढरं, नागडं लोखंड.

बोल्ट आवळला. वरून ग्रीस, बोटाने.
मीटर: चौदा. वर एक.
समोरच्या भिंतीवर दोन दिवे असे उमटतात
की तिथे बांधलेलं गाढव तोंड फिरवतं.
मेव्हणे हसतात. कुणीतरी चहा ओततं.

'जुना डायनामो कुठाय?' असिलकान विचारते,
हात चिंधीला पुसत.
'भंगारात दिला. नारिनला. बाबांचाच होता, पहिल्यापासूनचा.'
ती चिंधी पुन्हा घडी करते, उलट बाजूने.
'चांगला होता तो,' म्हणते.

बेकतेन दिवे बंद करत नाही.
गाडीत बसून राहतो, दार उघडं टाकून,
डॅशबोर्डवरचा काटा बघत,
जो शून्याच्या उजवीकडे
अगदी थोडासा कललेला आहे.